यादीतला गोल आणि आडवी बाटली

मतदान केंद्रातल्या पहिल्या टेबलावर बसलेला अधिकारी आपलं नाव मोठ्यानं वाचतो आणि यादीत त्यावर तिरकी रेघ मारतो. मतदार बाई असेल, तर अनुक्रमांकाभोवती पेनानं गोलही काढतो. त्या गोलानं बाईची हजेरी लागते. पुढे यंत्राला मात्र बटण दाबणारं बोट कुणाचं ते कळत नाही, कळू नये अशीच ती रचना आहे. गंमत बघा, बायका किती आल्या हे दशांश चिन्हापर्यंत ठाऊक, पण त्यांनी मत कोणाला दिलं हे एकाही सरकारी कागदावर नाही! लोकनीती-सीएसडीएससारखे अभ्यासक नंतर घरोघरी विचारून अंदाज बांधतात, तेवढाच काय तो उजेड.

आता जालन्याचं 2024 साल घ्या. 1999 पासून सलग पाच वेळा खासदार झालेले भाजपचे रावसाहेब दानवे लोकसभेला काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून लाखाहून जास्त मतांनी हरले. सहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं आणि जिल्ह्यातल्या पाचही जागा भाजपच्या महायुतीकडे गेल्या. घनसावंगीत विरोधी बाजूचे राजेश टोपेही पडले. मधल्या काळात बायकांच्या खात्यात पैसे टाकणारी 'लाडकी बहीण' योजना आली होती. महिना 1500 रुपये, मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे 7500. निकालाचं कारण पारावर लगेच ठरलं: बहिणींनी केलं.

केलंही असेल. पण हिशेब इतका सरळ नाही. जालना लोकसभेत सिल्लोड, फुलंब्री, पैठण हे शेजारच्या जिल्ह्यातले मतदारसंघ येतात. उलट जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगी परभणी लोकसभेत जातात. म्हणजे दोन निकालांमागचे मतदारच पुरते सारखे नाहीत. त्यात अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून 2023 मध्ये पेटलेलं मराठा आरक्षणाचं आंदोलन. ती धग बायका-पुरुष दोघांनाही लागली होती. राज्यभर बघितलं तर 2019 च्या विधानसभेच्या तुलनेत बायकांचं मतदान साधारण 59 वरून 65 टक्क्यांवर गेलं खरं, पण पुरुषांचंही 63 वरून 67 वर गेलं. ती योजना तर त्यांच्यासाठी नव्हतीच.

बायकांचं मतदान वाढणं आजचंही नाही. देशात 1962 च्या लोकसभेला पुरुषांचं मतदान 63 टक्के होतं, बायकांचं 47 च्या आत. 2019 च्या लोकसभेला बायका किंचित पुढे गेल्या. बिहारमध्ये तर 2020 च्या विधानसभेला त्या पाच टक्क्यांनी पुढे होत्या. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे पुरुष कामाला परराज्यात आणि बाया गावात. जालन्यातूनही माणसं बाहेर पडतात, पण ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि मुकादमाच्या हिशेबात ती जोडी म्हणजे एक 'कोयता'. दिवाळीनंतर कोयता कारखान्याकडे निघाला की दोन्ही मतं एकदमच गावाबाहेर. बाईचं मत केवळ तिच्या मनावर नाही, तिच्या मजुरीच्या रीतीवरही ठरतं, हे मला सगळ्यात थक्क करतं.

बायकांचा कौल वेगळा, उघड मोजला जाईल अशी एक जागा महाराष्ट्रात आहे: दारूबंदीचं मतदान. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर फक्त बायकांचं गुप्त मतदान घेता येतं. चिन्हं दोनच. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण बाटली आडवी व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. त्या दिवशी शेतात किंवा फडात राहिलेली बाई तोंडानं काहीही म्हणो, हिशेबात ती उभ्या बाटलीच्याच बाजूची.