नाव झाकून मिळविलेले बक्षीस

स्पर्धेत आपल्याला बक्षीस मिळावे, असे कोणाला वाटत नाही? परंतु ते आपल्या गुणांना मिळाले की आपल्या नावाला, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो. तो ज्यांच्या मनात आला, अशा एका थोर शास्त्रज्ञाची ही हकीकत आहे.

विज्ञानातील एखाद्या तत्त्वाच्या पायावर कल्पनेची इमारत उभारली, म्हणजे विज्ञानकथा तयार होते. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने अशा कथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ साली या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कृष्णविवराची ओढ इतकी प्रचंड असते, की तिच्यातून प्रकाशदेखील सुटू शकत नाही. त्याच्या निकट काळसुद्धा मंद चालतो! या कथेस पहिले बक्षीस मिळाले.

हे जगताप कोण? ते होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते संशोधन करीत. वयाची सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हाच १९६५ साली त्यांना ‘पद्मभूषण’ हा बहुमान लाभला होता. इतके मोठे नाव पाहून परीक्षकांचे मन आपल्याकडे झुकू नये, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलट केली, ज. वि. ना. यांचे ना. वि. ज. झाले. अक्षरही कोणी ओळखू नये, म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताई यांनी लिहून काढली. त्या स्वतः गणिताच्या विदुषी होत्या.

परदेशांतही विज्ञानकथांना पुरस्कार दिले जातात. १९५३ साली अमेरिकेत सुरू झालेला ‘ह्यूगो’ पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सभासदांच्या मतांनी ठरतो. ‘नेब्युला’ पुरस्कारासाठी लेखकच मते देतात. तेथे लेखकाचे नाव मत देणाऱ्यास ठाऊक असते. म्हणूनच नाव बाजूला ठेवून केवळ कृती पारखण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक असते.

नारळीकरांनी पुढे पुष्कळ विज्ञानकथा लिहिल्या. २०२१ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२५ साली ते निवर्तले. ‘जगतापां’ची कथा नापसंत ठरली असती, तर तो निर्णयही त्यांना मुकाट्याने स्वीकारावा लागला असता. मुलांनो, ही तयारी ज्याच्या अंगी असते, त्यालाच बक्षिसाचा खरा आनंद लाभतो.