शिष्टाईचे बळ

कौरवसभेतून श्रीकृष्ण रिक्तहस्ते परतला, तो त्याच्या वाक्चातुर्यात उणीव होती म्हणून नव्हे. पाच गावे देऊनही तडजोड करण्याची दुर्योधनाला गरज वाटत नव्हती. मध्यस्थ जितका बलाढ्य तितकी मध्यस्थी फलदायी, असा समज आजही रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. अल्जीरियाचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो.

नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकन वकिलातीचा कबजा घेतला गेला आणि ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. एप्रिल १९८० मधील लष्करी सुटकेची मोहीम वाळवंटातच फसली. इराण अमेरिकेशी समोरासमोर बोलावयास राजी नव्हता. अशा वेळी अल्जीरिया पुढे आला. फ्रान्सशी झुंजून १९६२ मध्ये स्वतंत्र झालेले हे राष्ट्र तेहरानला जवळचे वाटले आणि वॉशिंग्टननेही त्याच्यावर विश्वास टाकला. १९ जानेवारी १९८१ रोजी अल्जीरियाने समझोता जाहीर केला. इराणचा गोठविलेला पैसा बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावे ठेवण्यात आला. ओलीस सुखरूप निघाल्याची ग्वाही अल्जीरियाने देताच तो मोकळा व्हावयाचा होता. एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने घेणे असे जखडले गेले, यातच यशाचे मर्म आहे.

मात्र याच अल्जीयर्स नगरीत मार्च १९७५ मध्ये अध्यक्ष बूमेदियन यांनी इराणचे शहा व इराकचे सद्दाम हुसेन यांचा समेट घडविला होता. शत्त-अल-अरब नदीतील सीमा ठरली. पुढे १९७९ मध्ये शहांची सत्ता कोसळली, इराणचे सैन्य विस्कळीत झाले आणि करार मोडणे इराकला स्वस्त वाटू लागले. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम यांनी तो झिडकारला. त्यातून पेटलेले युद्ध आठ वर्षे चालले. ते शमविण्यासाठी निघालेले अल्जीरियाचे परराष्ट्रमंत्री बेनयाहिया, ज्यांनी ओलिसांची सुटका घडविली तेच, मे १९८२ मध्ये तेहरानच्या वाटेवर विमान पाडले गेल्याने मृत्युमुखी पडले.

भारतानेही १९५३ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांच्या प्रश्नात असले ओझे शिरावर घेतले होते. मध्यस्थी ही मिरविण्याची पालखी नव्हे, हे त्या अनुभवातून आपण जाणतो. समेटाची छायाचित्रे कोणालाही काढता येतात. करार मोडणे प्रत्येक पक्षाला महाग पडेल, अशी तजवीज शाई वाळण्यापूर्वी जो करून ठेवतो, त्याचीच शिष्टाई टिकते.