सँडरवर पात्याला धार लावताना लागणारी आग

मे महिन्यात दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये सुतारकाम जोरात चालते. बदली होऊन आलेली कुटुंबे मुलांची सुट्टी संपण्याआधी कपाटे, दारे उरकून घेतात, आणि सुताराची कार्यशाळा म्हणजे घराची बाल्कनी. आमच्या इमारतीत असेच काम चालू होते. कारागीर बेल्ट सँडरने दार घासत होता. रंधा नीट चालेना म्हणून त्याने सँडर उलटा धरला आणि रंध्याच्या पात्याला त्याच पट्ट्यावर धार लावली. पाच-सात मिनिटांचे काम. मग मशीन बंद करून तो जेवायला बसला.

अर्ध्या तासाने शेजारच्या काकूंना जळका वास आला. ज्वाळा कुठेच नव्हती, फक्त सँडरच्या कापडी पिशवीतून बारीक धूर येत होता. कारागिराने पिशवी काढून झटकली आणि त्याच क्षणी भडका उडाला. वाळत घातलेली चादर पेटली, त्याच्या भुवया जळल्या. बादलीभर पाण्याने निभावले.

मशीन बंद होऊन अर्धा तास झाला होता. मग आग आली कुठून? आणि पिशवी झटकल्यावरच भडका का उडाला? या दोन प्रश्नांच्या उत्तरात या पाठाचा बहुतेक भाग येतो.

आधी ठिणगी म्हणजे काय ते पाहू. घर्षणाने लोखंड तापते आणि त्याचा तापलेला तुकडा उडतो, असे बहुतेक विद्यार्थी लिहितात. हे अर्धेच उत्तर आहे. पट्ट्यावरचा अपघर्षक कण पोलादाचा सूक्ष्म कीस काढतो. कीस निघताना धातूचे प्रचंड विरूपण होते, त्यामुळे तो तापलेलाच बाहेर पडतो. त्याचा पृष्ठभाग ताजा असतो, त्यावर ऑक्साइडचा थर नसतो. हवेतला ऑक्सिजन भेटताच तो जळू लागतो. ठिणगी म्हणजे जळते लोखंड. नायट्रोजन किंवा अरगॉनच्या वातावरणात पोलाद घासले तर अशा ठिणग्या दिसत नाहीत.

आता आकडेमोड करू. 0.1 मिमी व्यासाचा गोल कण घ्या. लोखंडाची घनता 7870 किग्रॅ प्रति घनमीटर धरली तर त्याचे वस्तुमान सुमारे 4.1 मायक्रोग्रॅम येते. सरासरी विशिष्ट उष्मा 0.6 ज्यूल प्रति ग्रॅम-केल्विन धरून तो 1000 अंशांनी तापवायला सुमारे 2.5 मिलिज्यूल लागतात. तोच कण पूर्ण जळून मॅग्नेटाइट झाला तर दर ग्रॅमला 6.7 किलोज्यूल या हिशेबाने सुमारे 27 मिलिज्यूल बाहेर पडतात, म्हणजे दहापटींहून अधिक. ठिणगी आपल्या वाटेचे इंधन स्वतःबरोबर घेऊन निघते. म्हणून ती उडता उडता विझण्याऐवजी अधिक तेजस्वी होते.

पटाशी आणि रंध्याच्या पात्यांत कार्बन जास्त असतो. साध्या पोलादात तो सुमारे 0.2 टक्के, तर हत्यारांच्या साध्या कार्बन पोलादात साधारण 0.8 ते 1.2 टक्के. हा कार्बन जळून वायू होतो आणि कण फुटतो, म्हणून अशा ठिणग्यांना फुलबाजीसारख्या फांद्या फुटतात. पोलादाची जात ओळखण्याची ठिणगी-परीक्षा यावरच चालते.

इतके असूनही एखादी ठिणगी हातावर पडली तर जेमतेम चटका बसतो, कारण तापमान जास्त असले तरी एकूण उष्णता थोडी असते. इथेच लोक फसतात. उघड्या हवेत किंवा फरशीवर ठिणगी आपली उष्णता गमावते. सँडरमध्ये मात्र आतला पंखा पट्ट्याजवळची हवा ओढून पिशवीत ढकलतो. म्हणजे शेकडो ठिणग्या नेमक्या कोरड्या, बारीक भुशाच्या ढिगात नेऊन ठेवल्या जातात. भुशाची उष्णतावाहकता 0.1 वॅट प्रति मीटर-केल्विनपेक्षाही कमी असते, तर साध्या पोलादाची सुमारे 50. भुशात पडलेली उष्णता बाहेर पडूच शकत नाही. त्यात मे महिन्यातली दिल्लीची लू. लाकडातले पाणी आधीच उडालेले, त्यामुळे ते उडवण्यात खर्च होणारी उष्णताही वाचते.

भुसा लगेच पेटत नाही, धुमसतो. धुमसण्याला ज्वाळा लागत नाही आणि ऑक्सिजनही थोडा पुरतो. आगीचे ते केंद्र मिलिमीटर-मिलिमीटरने पसरत राहते. अर्ध्या तासाचे कोडे इथे सुटते.

भडक्याचे कारण वेगळे. लाकडाची बारीक धूळ हवेत तरंगत असेल तर दर घनमीटरला साधारण 40 ते 60 ग्रॅम इतक्या प्रमाणापासून ती एकदम पेटू शकते. पिशवीत 200 ग्रॅम भुसा होता असे धरा. घनमीटरला 50 ग्रॅम या हिशेबाने तो चार घनमीटर हवेला पुरतो, म्हणजे एका न्हाणीघराला. पिशवी झटकणाऱ्याने इंधन हवेत उधळले, आणि विस्तव त्यातच होता. खिडक्या बंद असत्या तर गोष्ट भुवयांवर भागली नसती.

आता धातूच्या धुळीकडे वळू. त्याच सँडरने अ‍ॅल्युमिनियमची खिडकी घासली असेल तर धोका वेगळ्याच जातीचा होतो. अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड म्हणजे थर्माइट. याच अभिक्रियेने रेल्वेचे रूळ जोडतात. अ‍ॅल्युमिनियमची धूळ ओली राहिली तर हायड्रोजन सुटतो आणि ढीग आतून तापतो. 2 ऑगस्ट 2014 रोजी चीनमधल्या कुनशान इथे गाड्यांच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. त्याच दिवशी 75 कामगार गेले, पुढे हा आकडा 146 वर पोचला. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 चे कलम 37 अशा ज्वालाग्राही धुळीविषयी होते. पण बाल्कनीतला एकटा सुतार कारखान्याच्या व्याख्येत येत नाही. तिथे त्याला सांगणारे आपणच.

सँडरवर धार लावूच नये असे मी म्हणणार नाही. 150 मिमी चाकाच्या बेंच ग्राइंडरचा परिघावरचा वेग 2850 फेऱ्यांना सुमारे 22 मीटर प्रति सेकंद येतो. हातातल्या बेल्ट सँडरचा पट्टा त्यापेक्षा बराच हळू फिरतो, त्यामुळे पात्याचे पाणी उतरण्याची भीती कमी. कारागीर वेडा म्हणून तसे करत नाही. मात्र धार लावण्याआधी पिशवी किंवा नळी काढून बाजूला न्यायची, मशीनच्या आतला भुसा ब्रशने साफ करायचा आणि पोलादासाठी वेगळा पट्टा चढवायचा. थिनर आणि पॉलिशचे बोळे ठिणग्यांच्या वाटेत नकोत. ही पाच मिनिटे वाचवायची असतील तर दगडावर पाणी घालून हाताने धार लावावी. माझ्या मते एकदोन पात्यांसाठी तेच बरे.

पिशवीतून धूर दिसला तर ती उघडू नये, झटकू नये. शक्य असेल तर मशीनचा प्लग काढून अख्खी पिशवी उघड्यावर न्यावी आणि भुसा फक्त लाकडाचा असेल तर पाण्यात बुडवावी. भुसा तरंगतो आणि आत कोरडा राहतो, म्हणून पाण्याखाली दाबून ढवळावा. ढिगावर पाण्याचा जोराचा फवारा किंवा अग्निशामकाचा झोत मारला तर धूळ उडते आणि पुन्हा तोच भडका. धातूची धूळ असेल तर पाणी नाही, कोरडी वाळू हलक्या हाताने पसरावी. आग आवाक्याबाहेर वाटली तर माणसे बाहेर काढून 101 किंवा 112 वर फोन करावा.

स्वाध्याय: (1) 0.2 मिमी व्यासाच्या कणासाठी वरील आकडेमोड पुन्हा करा. उष्णता किती पट वाढली? (2) एवढा मोठा कण हवेत पूर्ण जळेल का? पृष्ठफळ आणि घनफळ यांच्या गुणोत्तरावरून उत्तर द्या, आणि तो अर्धवट जळताच भुशात पडला तर काय होईल ते लिहा.