डोंगराआडची तोफ

शाळेच्या उंच भिंतीपलीकडे गेलेला चेंडू तिकडचा मुलगा परत कसा टाकतो, पाहिलंय ना? सरळ फेकला तर तो भिंतीवरच आपटणार! म्हणून तो उंच उडवतो. हॉवित्झर नावाची तोफही गोळा असाच उंच उडवते. डोंगराच्या अलीकडून डागलेला गोळा पलीकडे जाऊन पडतो.

पण तोफ डोंगरात न्यायची कशी? इंग्रजांच्या काळात हिंदी सैन्याकडे ३.७ इंची हलकी हॉवित्झर होती. हलकी म्हणजे तरी ७०० किलोंच्या वर बरं का! तिचे भाग सुटे करून आठ खेचरांच्या पाठीवर लादत. वर पोचलं की जवान ते भराभर जोडत. (मला तर त्या खेचरांचंच जास्त कौतुक वाटतं!)

एप्रिल १९४४. ब्रह्मदेशातून आलेल्या जपानी सैन्याने नागा टेकड्यांतल्या कोहिमाला वेढा घातला. आत लढणारे जेमतेम दीड हजार, बाहेर त्यांच्या कितीतरी पट. पाणीसुद्धा मोजून मिळे. इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यासमोर टेनिसचं मैदान होतं. त्याच्या एका बाजूला आपले खंदक, दुसऱ्या बाजूला जपान्यांचे!

आतून तोफ चालवणं अशक्यच होतं. मदत आली ती सुमारे तीन किलोमीटरवरच्या जोत्सोमाहून. तिथे हिंदी तोफखान्याच्या डोंगरी हॉवित्झर होत्या. तिथल्या गोलंदाजांना ते मैदान दिसत नव्हतं. मग नेम कसा धरला? वेढ्यात अडकलेला तोफखान्याचा अधिकारी गोळा कुठे पडला ते बघायचा आणि वायरलेसवरून सांगायचा. जरा डावीकडे, जरा पुढे! शत्रू इतका जवळ, की थोडी जरी चूक झाली तरी गोळा आपल्याच माणसांवर पडायचा. तरीही रात्री-अपरात्री हल्ला आला, की आपल्या खंदकांच्या अगदी पुढ्यात गोळे पडत आणि हल्ला मोडून निघे.

२० एप्रिलला थकलेल्या सैनिकांची सुटका झाली. लढाई मात्र जूनपर्यंत चालली.

आता खेचरांचं काम हेलिकॉप्टर करतं. ९ नोव्हेंबर २०१८ ला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत एम-७७७ ही हॉवित्झर भारतीय सैन्यात दाखल झाली. वजन सुमारे चार टन, पण हेलिकॉप्टरला टांगून डोंगरमाथ्यावर नेता येते!

कोहिमाच्या त्या टेनिसच्या मैदानावर आज युद्ध-स्मशानभूमी आहे. मैदानाच्या पांढऱ्या रेघा तिथे अजून राखून ठेवल्या आहेत.