यादी केली, तरी कामे का राहतात?

दर जानेवारीत कामांच्या यादीचे एखादे नवे ॲप फोनमध्ये येते. आठवडाभर उत्साहाने बरोबरच्या खुणा होतात. मार्चपर्यंत उलटून गेलेल्या तारखांची लाल रांग बघवेनाशी होते आणि ॲप उघडणेच बंद पडते. मग आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. आळस असेलही, पण बहुतेक वेळा गफलत त्याच्या आधीच झालेली असते. सवयीकडून, यादीकडून आणि ॲपकडून आपण भलतीच अपेक्षा ठेवलेली असते.

यातला सर्वांत चिवट समज म्हणजे कोणतीही सवय 21 दिवसांत लागते. त्याचे मूळ बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा रुग्णाला आपलासा वाटायला किमान 21 दिवस जातात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे सांगोवांगी त्यातला ‘किमान’ गळाला, ‘चेहरा’ही गळाला आणि आकडा तेवढा उरला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासातून निराळेच चित्र दिसले. प्रत्येकाने दुपारच्या जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी एखादी साधी गोष्ट निवडली आणि ती रोज ठरलेल्या प्रसंगी केली. ती आपोआप होऊ लागायला लागणारा काळ माणसागणिक 18 ते 254 दिवस असा निघाला (वरचा आकडा गणिताने काढलेला आहे, कारण अभ्यास 12 आठवड्यांचाच होता). मधला आकडा 66. त्याहून कामाची गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. सलग दिवसांची साखळी तुटल्यावर शोकसंदेश पाठवणाऱ्या ॲपांना हे कोणीतरी सांगायला हवे.

दुसरा समज यादीबद्दलचा. कागदावर उतरले की डोके रिकामे होते, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. अर्धवट राहिलेली कामे मनात रेंगाळतात, ही कल्पना ब्लूमा झायगार्निक यांच्या बर्लिनमधल्या प्रयोगांमुळे 1927 पासून प्रसिद्ध आहे. पुढच्या संशोधकांना सगळीकडे तसेच निष्कर्ष मिळाले नाहीत, हेही सांगायला हवे. पण 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी एक नेमकी गोष्ट दाखवली. अपुरे काम मनात ठेवून वाचायला बसलेल्यांचे लक्ष वाचनावरून उडत होते. ते काम कधी आणि कसे करायचे हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांचा हा त्रास कमी झाला. काम तर दोघांचेही झालेले नव्हते!

आता आपल्या याद्या बघा. ‘पासपोर्ट’, ‘विमा’, ‘आईचे डोळे’. ही कामे नव्हेत, चिंतांची शीर्षके आहेत. ‘शनिवारी सकाळी चहा झाला की जुना पासपोर्ट कपाटातून काढून ठेवणे’ हे काम. ‘आईचे डोळे’ याचे काम म्हणजे ‘सोमवारी दुपारी दवाखान्यात फोन करून वेळ घेणे’. ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे प्रसंगाला बांधून ठरवलेले काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेले आहे. त्यासाठी ॲप बदलावे लागत नाही, वाक्य बदलावे लागते.

आणि वेळ? ‘अर्ध्या तासाचे तर काम आहे’ हा आपला लाडका अंदाज. कॅनडातल्या संशोधकांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत संपेल, असे विचारले. सरासरी उत्तर सुमारे 34 दिवस आले. सगळेच बिनसले तर? सुमारे 49. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांच्या वर लागले. म्हणजे आपला वाईटात वाईट अंदाजही आशावादीच असतो. त्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आले नसावे; आपल्याला ते धरून हिशेब करावा लागतो. उपाय रटाळ आहे पण चालतो: हे काम किती वेळात व्हावे असे न विचारता मागच्या खेपेला किती वेळ लागला होता, ते आठवायचे. रोजच्या यादीतली पंधरा कामे या एका प्रश्नाने बहुधा पाचावर येतात.

एकाच वेळी दोन-तीन कामे उरकणाऱ्यांचे कौतुक आता आवरायला हरकत नाही. डोके घालावे लागणाऱ्या दोन कामांत मन प्रत्यक्षात इकडून तिकडे उड्या मारते आणि प्रत्येक उडीला वेळ जातो. काम जितके गुंतागुंतीचे, तितका जास्त. भाजी निवडता निवडता बातम्या ऐका, पण आयकराचे विवरणपत्र भरताना व्हॉट्सॲप नको.

राहता राहिला ‘सर्वोत्तम ॲप कोणते’ हा प्रश्न. वंडरलिस्ट हे बर्लिनच्या कंपनीचे ॲप एकेकाळी फार लोकप्रिय होते. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले आणि 2020 च्या मे महिन्यात बंद केले. उलट, 1973 पासून निघणारे कालनिर्णय स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून टिकून आहे. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी सगळे तारखेच्या चौकोनात, आणि घरातल्या प्रत्येकाला येता-जाता दिसते. घरातल्या सामाईक कामांसाठी याहून सोयीचे साधन मला तरी माहीत नाही. मात्र ते वाजत नाही. रक्तदाबाची गोळी रोज रात्री 9 वाजता आठवायची असेल, तर फोनचा गजरच लावावा.

ॲप घ्यायचेच असेल, तर रंगरूप बघण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्यातली सगळी यादी साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढता येते का? येत नसेल तर ते घेऊ नका.