दुष्फेन पाणी आणि पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी तालुका. अशा भागात बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस धरत नाही, भांड्यांच्या तळाशी पांढरा थर बसतो. हे दुष्फेन पाणी बी.एस्सी. आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राची उत्तम सुरुवात ठरू शकते.

या अभ्यासाचा पाया म्हणजे मोल. डझन म्हटले की १२, तसे एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. बारावीपर्यंत ही संख्या नुसती पाठ होते. ती खरी उमगते प्रयोगशाळेत. शंकुपात्रात ५० मिली पाणी घ्यायचे, अमोनियाच्या बफरने सामू १० च्या आसपास ठेवायचा, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकायचा. पाणी लालसर होते. मग ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए थेंबथेंब सोडायचे. ते कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन जखडून टाकते आणि रंग निळा होतो. घाई केली की शेवटचा थेंब हुकतोच.

येथे १ मिली ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. २५ मिली लागले, तर दुष्फेनता लिटरला ५०० मिलिग्रॅम. पाठांतरावर भर देणाऱ्यांना हे गणित अवघड जाते; एककांसह प्रत्येक पायरी लिहिणाऱ्यांना नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते.