बांधावरचा साग आणि पेटीतला कागद



मृगाचा पाऊस पडला की पेरणीच्या धांदलीतही कुणी बांधावर सागाची चार रोपे लावतो, कुणी पडकात खैर राखतो, कुणी विहिरीजवळ आंबा लावतो. पीक चार महिन्यांत घरात येते. सागासाठी मात्र वीस-पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त थांबावे लागते. म्हणून पुष्कळ घरांत हे झाड म्हणजे मुलीच्या लग्नाची नाहीतर मुलाच्या शिक्षणाची ठेव असते.

पण ठेव मोडायच्या वेळी अडचण उभी राहते. लग्नाची तिथी ठरलेली, व्यापारी ओट्यावर बसलेला आणि आपल्या हाती कागद एकही नाही. मग व्यापारी म्हणेल तो भाव! पंचवीस वर्षे झाड आपण राखायचे आणि मलई दुसऱ्याने खायची, असे होते.

तुम्ही म्हणाल, जमीन आपली, झाड आपले, मग परवानगी कशाला? महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हळदू, अंजन अशी झाडे त्याच्या यादीत आहेत. ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. झाड वाळले आहे, वादळात पडले आहे, घरावर कलले आहे किंवा तोडणीच्या वयाचे झाले आहे, यांपैकी जे कारण असेल ते अर्जात स्पष्ट लिहा. अर्जाची पोच तारखेसह घ्या. पोच नसेल तर अर्ज केला होता हे कशाने दाखवाल?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तोडीची परवानगी वेगळी आणि वाहतुकीचा पास वेगळा. परवानगीने झाड खाली पडेल, पण पास नसेल तर लाकडाची गाडी नाक्यावर अडेल. म्हणून दोन्हींची चौकशी रेंजरसाहेबांच्या कचेरीत आधीच करा. शेत जंगलाला लागून असेल तर हद्दीची मोजणी करून ठेवा. झाड आपल्या हद्दीत की जंगलाच्या, हा वाद ऐन वेळी निघाला तर हंगाम हातचा जातो.

आदिवासी बांधवांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. कोणी कवडीमोलाने झाडे उचलून नेऊ नयेत, हा त्याचा हेतू. तेव्हा परस्पर सौदा करू नका, कागदावर अंगठा उमटवू नका. विक्री सरकारी रीतीनेच करा.

बांबूचे मात्र सोपे झाले आहे. २०१७ साली केंद्राने वनकायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू काढला. त्यामुळे आपल्या शेतातल्या बांबूला आता तोडीच्या परवानगीची किंवा वाहतूक पासाची कटकट उरलेली नाही. पाणी कमी, जमीन हलकी, तर बांबूचा विचार जरूर करावा.

आता मदतीविषयी. आपल्या राज्यात १९८२ साली सामाजिक वनीकरण खाते निघाले. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागेची सोय झाली. २०१८ साली कन्या वनसमृद्धी योजना आली. मुलगी जन्मलेल्या शेतकरी घराला सागाची ५, आंब्याची २ आणि फणस, जांभूळ व चिंच यांचे प्रत्येकी १, अशी १० रोपे देण्याची ती योजना. २०१९ साली बांबूसाठी अटल बांबू समृद्धी योजना निघाली. अशा योजनांच्या अटी आणि रकमा वरचेवर बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर खड्डे खणू नका. उन्हाळ्यातच सामाजिक वनीकरणाच्या आणि तालुका कृषी कार्यालयात जाऊन या.

सगळ्यांत महत्त्वाचे काम सातबाऱ्याचे. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. तिच्यात बांधावरची झाडेही नोंदवता येतात. रोप लावले त्याच वर्षी त्याची नोंद करा. जमीन सामाईक असेल तर भावाभावांत कोणाचे झाड कोणते, हे आताच ठरवून लिहून ठेवा. पुढे झाडाला किंमत आली की जिभेला धार येते.

मायबहिणींनो, घरातले कागद बहुधा तुम्हीच सांभाळता. सातबारा, अर्जाची पोच, मोजणीचा नकाशा आणि परवानगी एका पिशवीत घालून पेटीत ठेवा. झाड पाण्यावर वाढते. त्याचा भाव मात्र त्या पिशवीवर ठरतो.